गुऱ्हाळातली जाहिरात: आधी ताडपत्री, मग लाइट

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळ मामांचं गुऱ्हाळ आहे. यंदापासून त्यांनी सेंद्रिय गूळ आणि काकवी स्वतःच्या नावाने विकायला काढली आहे. भाच्याला त्याची ३० सेकंदांची जाहिरात करायची आहे. ती मोबाइलवर फिरेल आणि तालुक्याच्या थिएटरात मध्यंतराला लागेल. हाताशी ४०,००० रुपये, स्वतःचा मिररलेस कॅमेरा, ५० मिमीची एक आणि किटमधली एक अशा दोन लेन्स, ६० वॉटचा एक एलईडी आणि रंग बदलता येणारी एक आरजीबी एलईडी ट्यूब. शूट डिसेंबरअखेर. विचारलंय ते हे: दोन मोठे लाइट भाड्याने आणू का, आणि धुराचं मशिन लागेल का?

मशिनचं शेवटी सांगतो. लाइट नका आणू.

मी सुरुवात गोरेगावच्या फिल्मसिटीत केबल ओढण्यापासून केली. गेली वीसेक वर्षं सराफ, मसालेवाले, दूध संघ, बियाणं विकणारे, पतसंस्था यांच्या जाहिराती शूट करतोय. निम्म्याहून जास्त कामांत बजेट तुमच्याएवढंच असतं. लाइटमन पहिली चार-पाच वर्षं लाइट लावायला शिकतो आणि पुढची सगळी वर्षं लाइट कापायला. तुमच्या गुऱ्हाळात उजेड कमी पडणार नाही, उलट नको तिथून येणारा उजेड जास्त होईल. पत्र्याच्या फटी, उघड्या बाजू, वरून लोंबणारा पांढरा एलईडी बल्ब, पलीकडच्या शेतावरून परावर्तित होऊन आत येणारं ऊन. यांत तुम्ही आणखी दोन मोठे लाइट टाकलेत, तर सगळं एकसारखं उजळेल आणि चित्र लग्नाच्या व्हिडिओसारखं दिसेल. त्याच पैशांत दोन मोठ्या काळ्या ताडपत्र्या, दहा मीटर मांजरपाट, दोरी, मोठे क्लिप आणि दोन दिवस हाताखाली राहील असा एक अनुभवी लाइटमन घ्या. लाइटमनवर कंजुषी करू नका. तो लाइटशिवाय आला तरी चालेल.

आता चित्रांचं बघू. ३० सेकंद म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने ७५० फ्रेम. त्यात नावाची पाटी आणि पॅकशॉट (विकायच्या मालाचा जवळून घेतलेला शॉट) वजा केला की हातात २२-२३ सेकंद उरतात, म्हणजे दहा-बारा शॉट. नवीन माणूस हे सगळे शॉट सारखेच भारी करायला जातो आणि दुपारी तीनला थकतो. तसं करू नका. एक शॉट ठरवा, ज्याच्यासाठी ही जाहिरात आहे, आणि दिवसाचा सगळ्यात चांगला उजेड त्याला द्या. तुमच्या जागी मी असतो, तर काहील (रस उकळायची मोठी कढई) कलती होऊन पाक वाफ्यात (तो निवायच्या उथळ हौदात) ओतला जातो तो क्षण घेतला असता. तांबूस पाक, वाफ, मागून येणारं ऊन. बाकीचे शॉट साधे असले तरी चालतात, तो एक चुकला तर जाहिरात चुकली.

आणि तो क्षण तुमच्या सोयीने येत नाही. एक आदण, म्हणजे काहिलीतली रसाची एक खेप, उतरायला साधारण अडीच-तीन तास लागतात, म्हणजे दिवसात तुम्हाला तो तीन-चार वेळाच मिळणार. ऊन योग्य जागी असताना त्यांतला एखादाच. म्हणून आधी गुळव्याशी (पाक बघून गूळ उतरवणाऱ्या कारागिराशी) बोला, कॅमेऱ्याची बॅग उघडायच्याही आधी. "सकाळी साडेआठच्या सुमारास उतरेल असं पहिलं आदण कधी चढवाल?" एवढाच प्रश्न. त्यावरून तुमचा कॉलटाइम, म्हणजे सगळ्यांनी हजर व्हायची वेळ, ठरेल. गुळव्या हा त्या दिवशी तुमचा खरा दिग्दर्शक आहे. त्याला चहा आधी द्या.

रेकीला, म्हणजे शूटआधी जागा बघायला, जाल तेव्हा फोनमधलं होकायंत्र वापरा. डिसेंबरअखेरीस कोल्हापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण बरोबर पूर्वेला उगवत नाही. तो दक्षिणेकडे सुमारे २४ अंश सरकलेला असतो. दसऱ्याच्या सुमारास रेकी करून "इथून ऊन येतं" अशी खूण केलीत, तर शूटच्या दिवशी ते ऊन खांबावर पडलेलं असेल. त्याच महिन्याची एक चांगली गोष्टही आहे: भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपासच राहतो. मे महिन्यात तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि माणसांच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या करतो. डिसेंबरात बारा वाजताही तुम्ही काम करू शकता, माणसाला पाठमोऱ्या उन्हात उभं करून.

आता शेडमध्ये या. सगळे पंखे-दिवे बंद करून दहा मिनिटं नुसते उभे राहा. कुठल्या बाजूने उजेड येतो आणि वाफ कुठे दिसते ते बघा. वाफ आणि धूर हे समोरून उजेड पाडला की नाहीसे होतात आणि मागून पाडला की पेटतात. मागे अंधार असला तर आणखी. म्हणजे तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: काहिलीच्या पलीकडून, थोडा वरून येणारा एक उजेड, त्याच्या मागे काळोख, आणि तिसरी, कॅमेऱ्याच्या बाजूने काहीही येऊ न देणं. पूर्वेची बाजू उघडी ठेवा, कॅमेरा पश्चिमेला. कॅमेऱ्याच्या मागची बाजू ताडपत्रीने बंद. फ्रेममध्ये काहिलीच्या मागे जे दिसतं तिथेही दुसरी ताडपत्री, उजेडाच्या वाटेच्या खाली, म्हणजे ऊन तिच्या वरून येईल आणि फ्रेममध्ये मात्र काळं दिसेल. पत्र्याच्या एखाद्या भोकातून तिरीप येत असेल तर ती ठेवा, पण एकच. चार तिरिपी आल्या की डोळा कुठे बघायचं तेच विसरतो. बाकीची भोकं पोत्याच्या तुकड्यांनी बुजवा, मामा काही म्हणणार नाहीत.

ऊन योग्य दिशेने येत नसेल तर आरसा. घरातल्या जुन्या लोखंडी कपाटाचा उभा आरसा सापडला तर सोन्याहून पिवळं. बाहेर उन्हात एका माणसाला आरसा धरून उभं करा आणि ऊन खिडकीतून आत फेका. मोठा लाइट याहून वेगळं काही करत नाही, फक्त तो भाड्याने येतो आणि त्याला जनरेटर लागतो. एक अडचण आहे. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. आरशातला झोत पाच मीटरवर पडत असेल, तर तेवढ्या चार मिनिटांत तो जवळजवळ नऊ सेंटिमीटर हललेला असतो. दोन टेकनंतर गुळव्याचा कान उजळलेला आणि चेहरा काळा, असं होतं. म्हणून आरसा काठीला बांधून निघून जायचं नाही. माणूस तिथेच हवा, आणि प्रत्येक टेकआधी त्याने झोत जागेवर आणायचा. ऊन थेट नको वाटलं तर खिडकीवर मांजरपाट ताणा. मुंबईत आम्ही याला स्किमर म्हणतो, फ्रेमवर ताणलेलं महागडं कापड असतं. मांजरपाट कोरं असेल तर उजेडाला थोडी पिवळट झाक येते. गुळाला ती शोभते, साबणाच्या जाहिरातीला शोभणार नाही.

अंधाऱ्या बाजूला थोडा उजेड भरायला पूर्वी आम्ही थर्माकोल वापरायचो. २०१८ च्या बंदीनंतर सजावटीचं थर्माकोल दुकानांतून गेलं, आता सनबोर्ड (फोमचा कडक पांढरा बोर्ड) मिळतो, तो टिकतोही जास्त. पण मोठा पांढरा पडदा हवा असेल तर फ्लेक्स छापणाऱ्याकडे जा. आपल्याकडे वाढदिवसांच्या शुभेच्छांचे फ्लेक्स काय कमी आहेत? आठ बाय दहाचा जुना फ्लेक्स उलटा केला की मागची बाजू पांढरी असते, उजेड छान मऊ परत येतो. काहींची मागची बाजू काळी असते, ती उजेड कापण्याच्या कामाला. मी एकदा एका भावी आमदाराच्या पाठीवरून दिवसभर उजेड घेतला होता. त्यांना ते कधीच कळलं नाही.

हा उधारीच्या उजेडाचा प्रकार नवा नाही. १९५६ च्या 'अपराजितो'साठी कोलकात्यात स्टुडिओत बनारसच्या घराचं अंगण उभं केलं होतं. खऱ्या अंगणात आभाळातून पडतो तसा, सावली न पाडणारा उजेड हवा होता. छायाचित्रकार सुब्रत मित्रांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि स्टुडिओचे दिवे खालून त्या कापडावर मारले. दिवे तेच होते, फक्त त्यांचं तोंड माणसांकडून कापडाकडे वळवलं. तुमचा ६० वॉटचा एलईडी थेट चेहऱ्यावर मारलात तर चेहरा तेलकट दिसेल. तोच पांढऱ्या सनबोर्डवर किंवा चुन्याच्या भिंतीवर मारा, पण भिंत निळी किंवा हिरवी नाही ना ते बघा. खेड्यात बहुतेक वेळा असते, आणि मग गुळव्याला कावीळ झाल्यासारखी दिसते.

रंगाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण गुळाच्या जाहिरातीत हाच खरा पेच आहे.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: आकडा कमी तेवढा उजेड तांबूस, जास्त तेवढा निळा. चुलवाणातल्या (काहिलीखालच्या भट्टीतल्या) जाळाचा रंग २,००० केल्विनच्या आसपास असतो, बाहेरच्या उन्हाचा साधारण ५,५००, सावलीतल्या आकाशाचा त्याहून निळा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगाचं सेटिंग) ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा काहिलीकडे वळवताना सगळं चित्र रंग बदलत जाईल. ऑटो बंद करा. शेडमध्ये मी ४,३०० च्या आसपास ठेवतो: जाळ केशरी राहतो, बाहेरचा उजेड किंचित थंड, आणि दोन्हींमध्ये उभा असलेला माणूस माणसासारखा दिसतो. वर लोंबणारा बाजारातला एलईडी बल्ब मात्र बंद करा किंवा काढून टाका. त्याचा रंग कागदावर ६,५०० असला तरी त्यात लाल कमी असतो. कातडी त्याच्याखाली राखेसारखी दिसते आणि गूळ मातीसारखा.

आता पेच. बाजारात लोकांना पिवळाधमक गूळ ओळखीचा आहे. तो पिवळेपणा पुष्कळदा हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) टाकून आणलेला असतो. तुमच्या मामांचा गूळ सेंद्रिय आहे, म्हणजे तो तांबूस किंवा गडद तपकिरी असणार. तुम्ही मॉनिटरवर "जरा उजळ करू, जरा पिवळा करू" म्हणत गेलात, की जाहिरातीतला गूळ हायड्रॉसवाल्यासारखा दिसायला लागतो आणि ज्या एका गोष्टीवर माल विकायचा तीच तुम्ही पुसून टाकता. ग्राहकाने पाकीट उघडलं आणि आत काळपट ढेप दिसली, तर त्याला वाटणार फसवलं. म्हणून शूटच्या दिवशी आणि नंतर एडिटिंगला बसताना खरी ढेप मॉनिटरशेजारी ठेवा, दिवसाच्या उजेडात. तिच्याशी रंग जुळवा. गडद रंग सुंदर दिसण्यासाठी उजेड वाढवायचा नसतो, त्याच्या कडेला चमक आणायची असते. गडद गुळाला मागून-बाजूने, अगदी खालच्या कोनातून उजेड दिला की त्याचे खडे आणि फटी दिसतात आणि तो तपकिरीच राहून भरल्यासारखा दिसतो. समोरून दिला तर विटेसारखा दिसतो.

पॅकशॉटला म्हणूनच अर्धा दिवस वेगळा ठेवा, आणि तो गुऱ्हाळात नको, घरात करा. पडवीत टेबल, मागे काळं कापड किंवा जुनं पोतं. ढेपेला वर सांगितलं तसा एक एलईडी मागून-बाजूने, त्याच्यासमोर बटर पेपर. उलट बाजूला वहीच्या आकाराचा पांढरा पुठ्ठा, लेबल वाचता येईल एवढाच जवळ. झालं. काकवीची बाटली अवघड आहे. काकवी गडद असते, समोरून उजेड दिला तर ती डांबरासारखी दिसते. तिला मागून उजेड लागतो, पण मागे लाइट ठेवला तर तो फ्रेममध्ये दिसतो. यावरचा जुना उपाय: बाटलीच्या आकाराचा, पण तिच्याहून थोडा लहान असा पांढरा किंवा सोनेरी पुठ्ठा कापा, तो बाटलीच्या मागे दोन-तीन इंचांवर तिरका उभा करा, कॅमेऱ्यातून बघत बाटलीमागे लपवा, आणि लाइट वरून-बाजूने त्या पुठ्ठ्यावर मारा. काकवी आतून पेटल्यासारखी दिसेल. सोनेरी रंगासाठी महाग जेल (लाइटसमोर लावायची रंगीत पारदर्शक फिल्म) लागत नाही, गणपतीच्या सजावटीतली बेगड चालते. काकवी फारच दाट असली तर शूटपुरती पारदर्शक काचेच्या अरुंद बाटलीत ओता, जाडी कमी झाली की उजेड आरपार येतो. पण माल तोच, त्यात पाणी मिसळू नका. जाहिरातीत दाखवलेली वस्तू विकायची वस्तूच असली पाहिजे, एवढं पथ्य मी पाळतो.

बाटलीच्या काचेवर तुमचा शर्ट, खिडकी, टेबललॅम्प सगळं दिसेल. पोलरायझर फिल्टर लावून काचेवरची आणि प्लॅस्टिकच्या पाकिटावरची चमक बरीच मारता येते. धातूवर मात्र तो जवळजवळ काम करत नाही. हे मी एका सराफाच्या जाहिरातीत शिकलो. सोन्याच्या तोड्यांवरची चमक मारायला तासभर फिल्टर फिरवत बसलो होतो, आणि शेवटी एका म्हाताऱ्या लाइटमनने न बोलता तोड्यांभोवती पांढऱ्या धोतराचा तंबू केला. धातूवर उजेड पडत नसतो, आजूबाजूचं दिसत असतं. त्याला पांढरं दाखवलं की तो पांढरा, त्यात काळ्या कागदाची एक पट्टी दाखवली की त्याला कड येते. तुमच्या जाहिरातीत पितळेचं भांडं किंवा चकचकीत स्टीलचा डबा असेल तर हेच करा, नाहीतर डब्यात तुम्ही, मामा आणि सगळं युनिट दिसेल.

काकवी भाकरीवर ओतायचा शॉट, गुळाची पावडर पडतानाचा शॉट, हे संथ गतीत हवे असतील तर घरात करूच नका. सेकंदाला १०० फ्रेमवर जाताना २५ फ्रेमच्या मानाने उजेड चौपट लागतो, आणि तुमचा ६० वॉटचा एलईडी तिथे हात टेकतो. अंगणात जा. भर उन्हात १ लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, फुकट. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० ला, शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागावर ठेवून, डायफ्रॅम, म्हणजे लेन्समधलं उजेड घेणारं छिद्र, एफ ११ पर्यंत बंद करता येतो. म्हणजे एवढ्या जवळूनही ओघळ पूर्ण फोकसमध्ये राहील. मागे दोन मीटरवर काळी ताडपत्री सावलीत बांधा, ऊन पाठीमागून येईल असा पाट मांडा. पाच रुपयांच्या पांढऱ्या कागदाने समोरून थोडा उजेड भरा. स्टुडिओत केल्यासारखं दिसेल.

घरात का नको, याचं दुसरं कारण मी स्वतः भोगलंय. एका मसालेवाल्याकडे स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली तिखट पडतानाचा शॉट १२० फ्रेमवर घेतला. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर झकास. रात्री संगणकावर बघितलं तर सगळं चित्र धडधडत होतं, उजेड कमी-जास्त, कमी-जास्त. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १२० त्याच्याशी जुळत नाही. दुसऱ्या दिवशी स्वखर्चाने परत गेलो आणि अंगणात तोच शॉट घेतला. तेव्हापासून नियम: आपल्या विजेखाली २५ फ्रेम असेल तर शटर १/५०, ५० फ्रेम असेल तर १/१००. २४ फ्रेमची हौस असेल तरी शटर १/५० वरच ठेवा, १/४८ वर नाही. तुमच्या आरजीबी ट्यूबची सुद्धा आदल्या दिवशी परीक्षा घ्या. मंद केल्यावर काही ट्यूब जास्त लुकलुकतात.

माणसांकडे येतो. बाहेरून मॉडेल आणायचा विचार लिहिलाय, तो सोडा. गुळव्याचे हात घ्या. उकळत्या रसावरची मळी काढतानाचे, पाक दोन बोटांत धरून बघतानाचे. त्याला "ॲक्शन" म्हणून नका सांगू, तो नेहमीचं काम करत असताना घ्या आणि उजेड त्याच्या कामाच्या जागेभोवती आधीच लावून ठेवा. चेहरा हवा असेल तर दारात उभा करा, तोंड अर्धं बाहेर. दाराचा उजेड एका बाजूने येईल. दुसऱ्या बाजूला काय ठेवायचं यावर मूड ठरतो: पांढरा सनबोर्ड ठेवलात तर चेहरा खुलतो, काळं कापड ठेवलंत तर सुरकुत्या बोलतात. पन्नाशीच्या पुढच्या कष्टकरी चेहऱ्याला मी बहुतेक वेळा काळं ठेवतो. मामींना मात्र पांढरं ठेवा, नाहीतर त्या जाहिरात बघून तुमच्याशी बोलणार नाहीत.

एलईडी चेहऱ्याला वापरायची वेळ आलीच, तर तो लांब ठेवून पूर्ण ताकदीने मारू नका, जवळ आणा आणि मंद करा. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो. याचा फायदा उलटाही घेता येतो: लाइट माणसाच्या एक मीटर जवळ आणि भिंत त्याच्यामागे तीन मीटरवर असेल, तर भिंतीवर उजेड एक-षोडशांश पडतो आणि ती आपोआप अंधारात जाते. ताडपत्री बांधायची गरजच नाही.

आणखी एक शॉट सुचवतो, त्याला खर्च शून्य. पाक वाफ्यातून साच्यात भरला की तो गोठताना रंग आणि पृष्ठभाग बदलत जातो. कॅमेरा तिवईवर घट्ट बांधा, दर दहा सेकंदांना एक फ्रेम, एलईडी एका जागी स्थिर, बाहेरचा उजेड पूर्ण बंद. बाहेरचा उजेड बंद नसला तर ढगागणिक चित्र लुकलुकेल. दीड तासात ५४० फ्रेम मिळतात, त्यातून दोन सेकंद काढा. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये भांडवल देणाऱ्याला पटवायला कुंडीतल्या वाटाण्याचं रोप असंच एकेक फ्रेम घेत वाढताना दाखवलं होतं. आपल्याकडचा पहिला डेमो मी तोच मानतो, आणि तोही उधारीच्या दिवसांत केलेला.

बाकीचं भराभर सांगतो. शेतावरची वीज येते-जाते आणि ऊस पिळायच्या चरकाची मोटर चालू झाली की दाब खाली येतो, म्हणून एलईडी बॅटरीवर चालवा, तीन बॅटऱ्या ठेवा. काहिलीतला पाक ११८-१२० अंशांना उतरतो. तिच्या दोन मीटरच्या आत ना तिवई, ना केबल, ना हौशी भाऊबंद. क्लोजअप हवा तर लांब लेन्स भाड्याने घ्या, भाड्यावर खर्च करायचाच असेल तर तो तिथे करा. मोबाइलसाठी उभी फ्रेम वेगळी घ्या, निदान पाक ओतायचा शॉट आणि पॅकशॉट तरी. आडव्यातून कापलेली उभी फ्रेम फोनवर लगेच कळते. चरकाचा आवाज, जाळाचा तडतडाट, पाक पडतानाचा आवाज फोनवर का होईना वेगळे नोंदवून ठेवा. जाहिरात निम्मी त्यावर चालेल. आणि ४०,००० मधले ४,००० कशालाही हात न लावता बाजूला ठेवा, ते कुठे जातील हे शूटच्या दिवशी दुपारी कळतं.

राहता राहिलं धुराचं मशिन. गुऱ्हाळात धुराचं मशिन नेणं म्हणजे पंचगंगेला पाण्याचा टँकर नेण्यासारखं आहे. चुलवाण्याला (भट्टीत जाळ घालणाऱ्याला) सांगा, शॉटच्या दोन मिनिटं आधी थोडं ओलं चिपाड टाक. शेड भरून जाईल, तिरीप दिसेल. दोन मिनिटांपेक्षा जास्त नको, ती माणसं तिथे दिवसभर श्वास घेतात. आणि त्याऐवजी एक गोष्ट नक्की घ्या: लेन्सवर लावायची साधी यूव्ही काच आणि ओल्या फडक्यांचा डबा. रसाची वाफ काचेवर बसली की चिकट होते, कोरड्या कापडाने पुसलीत तर ती पसरते. दर आदणानंतर काच काढा, ओल्या फडक्याने पुसा, वाळवा आणि मगच परत लावा.